अमेरिकेत टेक्निकल कॉलेजातून अलाइड हेल्थची असोसिएट डिग्री: कुठलं काम आधी करायचं, कुठलं नंतर

कॉलेजचं ॲक्सेप्टन्स लेटर आलं, आयडी कार्ड हातात पडलं, म्हणजे आता दोन वर्षांत आपण एक्स-रे टेक किंवा डेंटल हायजिनिस्ट होणार, असं धरून चालणारी आपली मराठी मंडळी मला दर सेमिस्टरला भेटतात. ते लेटर कॉलेजचं असतं, प्रोग्रॅमचं नसतं. कॉलेजात जवळपास सगळ्यांना प्रवेश मिळतो, पण रेडिओग्राफी, रेस्पिरेटरी केअर, सोनोग्राफी, डेंटल हायजिन, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट असल्या अलाइड हेल्थच्या, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून बाकीच्या आरोग्यसेवेच्या, प्रोग्रॅमना वेगळा अर्ज असतो, बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच बॅच घेतात आणि सीटा मोजक्या असतात. असोसिएट म्हणजे दोन वर्षांची डिग्री असं छापलेलं असतं ते प्रोग्रॅम सुरू झाल्यापासूनचं, त्याआधीचे प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे, कोर्स धरले की अडीच-तीन वर्षं आरामात जातात, आणि कामं उलटसुलट क्रमाने केली तर चार.

हे सगळं अमेरिकेत आधीच राहणाऱ्यांसाठी लिहिते आहे, म्हणजे एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा व्हिसा) आलेल्या, ग्रीन कार्ड मिळालेल्या किंवा सिटिझन झालेल्या लोकांसाठी. भारतातून खास यासाठी एफ-१ या स्टुडंट व्हिसावर यायचा विचार असेल तर टप्पा २ आधी वाचा, मग बाकीचं.

## टप्पा १: सुरुवात परीक्षेपासून करा, कॉलेजपासून नाही

आधी कॉलेज शोधू, मग कोर्स बघू, असं बहुतेक जण करतात. उलटं करा. आधी काम ठरवा, मग त्या कामाला कुठली बोर्ड परीक्षा, म्हणजे त्या व्यवसायाची परीक्षा, लागते ते बघा, मग त्या परीक्षेला बसू देणारं ॲक्रेडिटेशन, म्हणजे मान्यता, कोणाचं ते, आणि सगळ्यात शेवटी ते ॲक्रेडिटेशन असलेलं तुमच्या जवळचं कॉलेज.

रेडिओग्राफीला परीक्षा एआरआरटीची आणि प्रोग्रॅमचं ॲक्रेडिटेशन बहुतेक जेआरसीईआरटीचं. रेस्पिरेटरीला परीक्षा एनबीआरसीची, ॲक्रेडिटेशन कोआर्कचं. मेडिकल लॅब टेक्निशियनला एएससीपी आणि एनएएसीएलएस, डेंटल हायजिनला नॅशनल बोर्ड आणि कोडा, फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटला एनपीटीई आणि कॅप्टे. या संस्थांच्या साइटवर राज्यानुसार प्रोग्रॅमची यादी असते, तिथूनच शोधायला लागा.

⚠ "आमचं कॉलेज ॲक्रेडिटेड आहे" एवढ्यावर गप्प बसू नका. कॉलेजचं ॲक्रेडिटेशन वेगळं आणि प्रोग्रॅमचं वेगळं. कॉलेज एकदम व्यवस्थित पण प्रोग्रॅमला मान्यता नाही असं होऊ शकतं, आणि मग डिग्री हातात असूनही परीक्षेला बसता येत नाही. खासगी, जाहिराती करणाऱ्या महागड्या इन्स्टिट्यूटच्या बाबतीत तर हे दोनदा तपासा.

आणि एक. भारतात बीपीटी, बीडीएस, बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, डीएमएलटी असलं काही झालेलं असेल तर डायरेक्ट असोसिएट डिग्रीच्या मागे लागू नका. फिजिओथेरपिस्टला स्वतःच्या डिग्रीचं मूल्यांकन करून पूर्ण पीटी लायसन्सकडे जायचा रस्ता आहे, लॅबवाल्यांना एएससीपीने परदेशी शिक्षणासाठी वेगळे रूट ठेवलेत. तो रस्ता कधी लांबचा पडतो, कधी जवळचा, पण आधी तो बघून मग ठरवा. असिस्टंटची डिग्री घेऊन झाल्यावर ही माहिती कळणं फार वाईट.

तपासा: परीक्षेचं नाव, ॲक्रेडिटेशनचं नाव आणि प्रोग्रॅमचा मागच्या काही वर्षांचा पास होण्याचा टक्का. हा टक्का प्रोग्रॅमच्या पानावर दिलेला असतो, नसेल तर फोन करून विचारा.

## टप्पा २: व्हिसा आणि पैसे

एच-४ वर शिकता येतं, पार्ट टाइम पण आणि फुल टाइम पण, त्यासाठी एफ-१ लागत नाही. काम मात्र ईएडी (काम करायचा परवाना) असल्याशिवाय करता येत नाही आणि एच-४ चं ईएडी मिळायला साधारणपणे जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी भरलेला अर्ज, मंजूर झालेला लागतो. क्लिनिकल रोटेशन, म्हणजे हॉस्पिटलमधला प्रत्यक्ष सराव, हा अभ्यासक्रमाचा भाग आणि बिनपगारी असतं, तरी हॉस्पिटलच्या साइटला सोशल सिक्युरिटी नंबर लागतो का, हे प्रोग्रॅमच्या ऑफिसला अर्जाच्या आधी ईमेलवर विचारा. ईएडी नसलेल्या एच-४ वाल्यांकडे तो नंबर नसतो, आणि बॅकग्राउंड चेकपासून राज्याच्या लायसन्सपर्यंत कुठे ना कुठे हा प्रश्न आडवा येतोच. कॅम्पसवरची छोटी नोकरी, स्टायपेंड असलं काही ईएडीशिवाय घेऊ नका.

एफ-१ वाल्यांसाठी स्पष्टच सांगते. असोसिएट डिग्रीनंतर वर्षभराची ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर काम करायची परवानगी, मिळू शकते, पण स्टेम एक्स्टेन्शनला (विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांची वाढीव मुदत) निदान बॅचलर्स लागते, आणि असोसिएटवर मिळणारी ही कामं एच-१बी च्या चौकटीत सहसा बसत नाहीत. शिवाय बरीच कॉलेजं सिलेक्टिव्ह हेल्थ प्रोग्रॅमना एफ-१ विद्यार्थी घेतच नाहीत. घरदार गहाण टाकून यावं असा हा रस्ता नाही. आणि मुलं एच-४ वर असतील तर तो एकवीस वर्षांपर्यंतच चालतो हे लक्षात ठेवा. व्हिसाच्या नेमक्या प्रश्नाला इमिग्रेशनचा वकीलच गाठा, व्हॉट्सॲप ग्रुप नाही.

पैशाचं बघू. ग्रीन कार्डवाले आणि सिटिझन फॅफ्सा, म्हणजे फेडरल आर्थिक मदतीचा फॉर्म, भरू शकतात, एच-४ वाले फेडरल मदतीला पात्र नाहीत. इथे एक चूक सारखी होते: फॉर्ममध्ये बॅचलर्स डिग्री आहे का असं विचारतात आणि लोक "ती तर भारतातली, इथे कुठे मोजतात" म्हणून नाही लिहितात. मोजतात. भारतातली बॅचलर्स असली तरी पेल ग्रँट, म्हणजे फेडरल अनुदान, मिळत नाही, स्टुडंट लोन मिळू शकतं. खोटं लिहून ग्रँट घेतली तर परत करावी लागते, वर अडचणीत येता ते वेगळंच.

इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, एच-४ ला मिळते का हे राज्याराज्यावर आहे. बऱ्याच ठिकाणी मिळते, पण त्या राज्यात बारा महिने राहिल्याचा पुरावा मागतात. भाड्याचं ॲग्रीमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न एका फोल्डरमध्ये ठेवा आणि रजिस्ट्रारकडून लेखी उत्तर घ्या.

## टप्पा ३: भारतातले कागद, आणि नावाचा घोळ

टप्पा तिसरा असला तरी हे काम लगेच सुरू करा, कारण वेळ यातच जातो आणि तो आपल्या हातात नसतो.

तुम्हाला भारतातल्या डिग्रीचं कोर्स-बाय-कोर्स इव्हॅल्युएशन लागतं, म्हणजे प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि ग्रेड दाखवणारं. डब्ल्यूईएस किंवा ईसीई या मूल्यांकन करणाऱ्या संस्थांकडून बरेच जण करतात, पण तुमचं कॉलेज कोणाचा रिपोर्ट घेतं ते आधी विचारा. स्वस्त पडतो म्हणून डॉक्युमेंट-बाय-डॉक्युमेंट रिपोर्ट मागवतात आणि मग परत पैसे भरून दुसरा काढतात, हे मी फार वेळा बघितलंय. ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीकडून यायला लागतं, घरच्या मार्कशीटची झेरॉक्स चालत नाही. मुंबई-पुण्यात कोणी भाऊ-बहीण असेल तर त्यांना आत्ताच कामाला लावा, अथॉरिटी लेटर पाठवा, सगळ्या वर्षांच्या मार्कशीट स्कॅन करून घ्या.

आता नाव. आपल्या युनिव्हर्सिटीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याच मार्कशीटवर पुढे आईचंही नाव. समजा मार्कशीटवर "पाटील स्नेहा विजय" आहे, लग्नानंतर पासपोर्टवर "स्नेहा अमोल देशमुख" झालं. इथला क्लार्क मार्कशीट बघतो आणि "पाटील" हे पहिलं नाव धरतो. मग कॉलेजच्या सिस्टीममध्ये एक नाव, इव्हॅल्युएशनवर दुसरं, आणि सगळ्यांत पुढे बोर्ड परीक्षेच्या दिवशी तुमचं फोटो आयडी तिसरंच. परीक्षा केंद्रावर नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत.

म्हणून एक नाव ठरवा, पासपोर्टवरचं, आणि सगळीकडे तेच द्या: कॉलेजचा अर्ज, टीज ही प्रवेश परीक्षा, सीपीआर कार्ड, बोर्डाचा अर्ज. मॅरेज सर्टिफिकेटची इंग्रजी प्रत हाताशी ठेवा. मराठीत असेल तर सर्टिफाइड भाषांतर करून घ्या.

तपासा: इव्हॅल्युएशनचा रिपोर्ट आला की त्यावरचं नाव कॉलेजच्या पोर्टलवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का. नसेल तर पहिल्याच सेमिस्टरला दुरुस्त करा.

⚠ इव्हॅल्युएशन झालं म्हणजे क्रेडिट मिळालं असं नाही. कॉलेज ठरवतं काय घ्यायचं. दहा-बारा वर्षांपूर्वीची बायोलॉजी बहुतेक घेत नाहीत, कारण सायन्सच्या विषयांना पाच किंवा सात वर्षांची मुदत असते. गणित, सायकॉलॉजी असले जनरल विषय सुटू शकतात. इंग्लिश कॉम्पोझिशन सुटेल याची खात्री धरू नका, आपण इंग्लिश मीडियमला होतो याचा त्याच्याशी संबंध नाही. काही कॉलेजं टोफेल किंवा प्लेसमेंट टेस्टही मागतात.

## टप्पा ४: प्रीरेक्विझिट, आणि इथेच सीट मिळते किंवा जाते

ॲनाटॉमी-फिजिओलॉजी १ आणि २ लॅबसकट, इंग्लिश कॉम्पोझिशन, कॉलेज अल्जिब्रा किंवा स्टॅटिस्टिक्स, सायकॉलॉजी, मेडिकल टर्मिनॉलॉजी, आणि डेंटल हायजिनसारख्या ठिकाणी मायक्रोबायोलॉजी आणि केमिस्ट्री. साधारण हीच यादी, पण प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी, म्हणून त्याच वर्षाचं प्रोग्रॅमचं हँडबुक डाउनलोड करा. मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी काय केलं त्यावर जाऊ नका, नियम बदलतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नाव सारखं पण लेव्हल वेगळी. जॉर्जियाच्या टेक्निकल कॉलेजांचं उदाहरण घ्या, अटलांटाच्या आसपास आपली भरपूर माणसं आहेत म्हणून. तिथे एएलएचएस १०११ हा शरीररचनेचा कोर्स आहे, तो डिप्लोमा-सर्टिफिकेट लेव्हलचा. असोसिएट डिग्रीला लागतात ते बीआयओएल २११३ आणि २११४, त्यांच्या लॅबसकट. कॅटलॉगमध्ये दोन्ही शरीराबद्दलच, पहिला सोपा वाटतो, लोक तो घेतात, ए मिळवतात आणि अर्जाच्या वेळी कळतं की तो धरलाच जात नाही. एक सेमिस्टर गेलं. दुसऱ्या राज्यांतही असे जोडकोर्स असतात, म्हणून कोर्सचं नाव नाही, कोर्सचा नंबर हँडबुकशी जुळवा.

ग्रेडचं म्हणाल तर, पास व्हायला सी पुरतो पण सीट मिळायला पुरत नाही. बऱ्याच प्रोग्रॅमना पॉइंट सिस्टीम असते, ए ला जास्त पॉइंट, बी ला कमी, आणि काही ठिकाणी कोर्स दुसऱ्यांदा घेतला तर पॉइंट कापतात. म्हणून ॲनाटॉमीच्या सेमिस्टरला त्याच्यासोबत फार तर एक हलका विषय घ्या. घरी लहान मूल असेल तर ॲनाटॉमी एकटीच घ्या, खरंच. आठ आठवड्यांच्या झटपट सेक्शनमध्ये हा विषय घेऊ नका, हाडं, स्नायू, नसा सगळं लक्षात राहायला रोज थोडं थोडं बसावं लागतं, आणि लॅबच्या प्रॅक्टिकलला मॉडेलवर पिन लावलेली जागा बघून स्पेलिंगसकट नाव लिहायचं असतं, पर्याय दिलेले नसतात. आपल्याकडची परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाठांतराची सवय इथे उपयोगी पडत नाही.

गाडी अडली तर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची नोंद) घ्यायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. डी मिळण्यापेक्षा वेळेत डब्ल्यू घेतलेला बरा, पण काही प्रोग्रॅम डब्ल्यू हाही एक प्रयत्न धरतात, तेही वाचा.

तपासा: प्रत्येक सेमिस्टरआधी ॲडव्हायझरला ईमेल: "या नंबरचे हे कोर्स, या वर्षाच्या अर्जाला धरले जाणार ना?" तोंडी उत्तर नको, लेखी हवं.

## टप्पा ५: टीज किंवा हेसी

काही प्रोग्रॅम एटीआयची टीज मागतात, काही हेसी ए-२, काही काहीच मागत नाहीत. टीजमध्ये १७० प्रश्न, २०९ मिनिटं, आणि चार भाग: रीडिंग, मॅथ, सायन्स, इंग्लिश. आपली माणसं मॅथला घाबरत नाहीत आणि तिथे चांगलं करतातही, मार्क जातात ते रीडिंगच्या वेळेत आणि इंग्लिशच्या विरामचिन्हांत. सराव तिथे करा. सायन्समध्ये ॲनाटॉमीचा वाटा मोठा असतो, म्हणून ॲनाटॉमी १ आणि २ झाल्या झाल्या, डोक्यात ताजं असताना परीक्षा द्या. आधी देऊ नका.

⚠ पुन्हा परीक्षा द्यायला किती दिवस थांबायचं आणि वर्षात किती वेळा देता येते हे कॉलेज ठरवतं. डेडलाइनच्या आठवड्यात पहिला प्रयत्न ठेवला तर दुसऱ्याला जागाच उरत नाही.

## टप्पा ६: प्रोग्रॅमचा अर्ज

काही ठिकाणी इन्फर्मेशन सेशनला हजर राहणं सक्तीचं असतं, काही ठिकाणी क्लिनिकमध्ये ऑब्झर्व्हेशनचे तास. डेडलाइन म्हणजे डेडलाइन, एक कागद कमी पडला तर अर्ज बाजूला ठेवतात, फोन करून आठवण करत नाहीत. शक्यतो गाडीने जाता येतील अशा दोन-तीन कॉलेजांत अर्ज करा, पण प्रत्येकाचे प्रीरेक वेगळे हे विसरू नका.

पूर्वी कुठल्या गुन्ह्यात नाव आलं असेल, दारू पिऊन गाडी चालवल्याची केस असेल, तर ती लपवू नका. एआरआरटीसारख्या संस्था प्रोग्रॅमला पैसे भरण्याआधीच एथिक्सची पूर्वतपासणी करून देतात, ती करून घ्या.

## टप्पा ७: लसी, टीबी, सीपीआर

सीट मिळाली की आनंदात हे मागे पडतं आणि मग क्लिनिकल सुरू व्हायच्या आठवड्यात धावाधाव. खरं तर याची सुरुवात सीट मिळायच्या आधीच करायला हवी.

हेपटायटिस बी ची नेहमीची मालिका ०, १ आणि ६ महिने अशी असते, म्हणजे अर्धं वर्ष. एका महिन्याच्या अंतराने दोन डोसची दुसरी लसही आहे, ती मिळते का विचारा. लहानपणीचं लसीचं पुस्तक गावाकडच्या कपाटात असेल, नसेलही. ते नसेल तर गोवर-गालगुंड-रुबेला (एमएमआर) आणि कांजिण्यांची टायटर म्हणजे रक्तातली अँटीबॉडी तपासून घ्या, लहानपणी आजार होऊन गेला असेल तर बहुतेक वेळा टायटर पॉझिटिव्ह येते आणि लस घ्यावी लागत नाही. टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकल्याची लस) दहा वर्षांच्या आतली हवी.

टीबीचं नीट वाचा. आपल्यातल्या बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्या लसीमुळे हातावर सुई टोचून करतात ती टीबीची स्किन टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग एक्स-रे, डॉक्टरचं पत्र, पुढची औषधांची चर्चा, सगळं मागे लागतं. म्हणून पहिल्यापासून रक्ताची तपासणी मागा, क्वांटिफेरॉन किंवा तत्सम, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. "आमच्याकडे सगळ्यांना स्किन टेस्टच करतात" असं क्लिनिक म्हणालं तरी बीसीजी झालंय हे सांगून आग्रह धरा. रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आली तर मात्र टाळू नका, डॉक्टरला दाखवा.

⚠ क्रम: टीबीची तपासणी एमएमआर किंवा कांजिण्यांच्या लसीच्या दिवशीच करा किंवा आधी. लस आधी घेतली तर तपासणीसाठी निदान चार आठवडे थांबावं लागतं.

सीपीआरचं कार्ड बहुतेक प्रोग्रॅमना अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या बीएलएस प्रोव्हायडर कोर्सचं लागतं, हार्टसेव्हरचं नाही, आणि प्रॅक्टिकल नसलेलं नुसतं ऑनलाइन तर नाहीच. ते दोन वर्षं चालतं, म्हणून प्रोग्रॅम संपेपर्यंत पुरेल असं बघून काढा. ड्रग स्क्रीन आणि बॅकग्राउंड चेक मात्र स्वतःहून आधी करू नका, कॉलेज सांगेल त्या पोर्टलवरून, सांगेल त्या तारखेतच. भारतातून आणलेल्या गोळ्या घेत असाल, खोकल्याचं औषध धरून, तर प्रिस्क्रिप्शन जवळ ठेवा.

## टप्पा ८: प्रोग्रॅम आणि क्लिनिकल

क्लिनिकलची साइट तुम्ही निवडत नाही. सकाळी सहा-साडेसहाला पोचायचं, कधी तासाभराच्या ड्राइव्हवर. म्हणून स्वतःची गाडी, आणि मुलांना शाळेत सोडायची पक्की सोय पहिल्या दिवसापासून हवी, "बघू तेव्हा" नको. जोडीदाराशी हे बोलणं अर्जाच्या आधी करा. आईबाबांना भारतातून बोलवायचं असेल तर पहिल्या क्लिनिकल सेमिस्टरसाठी बोलवा, प्रीरेकच्या वेळी नाही.

एका विषयात नापास झालात तर पुढच्या सेमिस्टरला जाता येत नाही, आणि तो विषय वर्षातून एकदाच असतो, म्हणजे पूर्ण वर्ष थांबायचं. पासिंगही बऱ्याच ठिकाणी सत्तरच्या वर असतं. मागे पडताय असं वाटलं की पहिल्या टेस्टनंतरच इन्स्ट्रक्टरला भेटा.

पेशंटशी बोलायचा सराव करा. आपलं इंग्लिश चांगलं असतं पण आपण भरभर बोलतो. दुखणाऱ्या, घाबरलेल्या माणसाला "श्वास आत घ्या, रोखा, आता सोडा" हे सावकाश, स्पष्ट आणि दरवेळी त्याच शब्दांत सांगता आलं पाहिजे, नाहीतर एक्स-रे हललेला येतो. आणि प्रत्येक वेळी नाव आणि जन्मतारीख पेशंटच्याच तोंडून वदवून घ्या, "तुम्ही मिसेस जॉन्सन ना?" असं विचारू नका, कारण लोक कशालाही हो म्हणतात.

रेडिओग्राफीत दिवस गेले तर प्रोग्रॅमला सांगायचं की नाही हा तुमचा हक्क आहे, पण सांगितलं तर गर्भासाठी वेगळा डोसिमीटर (रेडिएशन मोजणारं उपकरण) आणि कमी मर्यादा लागू होते. मी तर म्हणेन लगेच लेखी सांगा.

⚠ एच-१बी घरातली सगळ्यात मोठी अडचण: मध्येच जोडीदाराची नोकरी बदलली आणि राज्य सोडायची वेळ आली. प्रीरेक दुसरीकडे नेता येतात, प्रोग्रॅमचे मुख्य कोर्स बहुतेक नेता येत नाहीत, पहिल्यापासून सुरू करावं लागतं. ही शक्यता दिसत असेल तर प्रोग्रॅम सुरू करायच्या आधीच घरात ठरवा की गरज पडली तर वर्षभर कोण कुठे राहणार.

## टप्पा ९: बोर्ड, लायसन्स, नोकरी

बोर्डाचा अर्ज ग्रॅज्युएशनच्या आधीच भरता येतो, प्रोग्रॅम डायरेक्टर तारीख सांगतात. परीक्षा लवकर द्या, भारतात दोन महिने जाऊन येऊन मग देऊ असं करू नका. एआरआरटीला तीन वर्षांत तीन प्रयत्न मिळतात, पास व्हायला ७५ चा स्केल्ड स्कोअर लागतो, तो टक्का नसतो.

बोर्ड पास म्हणजे लायसन्स नाही. रेस्पिरेटरी थेरपिस्टला जवळपास सगळ्या राज्यांत राज्याचं लायसन्स लागतं, डेंटल हायजिनिस्टला सगळीकडे, आणि रेडिओग्राफीत राज्याराज्याचं वेगळं. कॅलिफोर्नियात तर फ्लुरोस्कोपीसाठी (हलतं चित्र दाखवणारा एक्स-रे) निराळं परमिट आहे. नोकरीचे अर्ज मात्र शेवटच्या सेमिस्टरलाच सुरू करा, ज्या साइटवर क्लिनिकल केलं तिथल्या सुपरवायझरला स्वतःहून विचारा. आपल्याला असं विचारायला संकोच वाटतो, पण इथे पहिली नोकरी बऱ्याचदा तिथेच मिळते.

सुरुवातीला पीआरएन म्हणजे लागेल तेव्हा बोलवायची नोकरी मिळाली तरी घ्या, पण तिच्यात हेल्थ इन्शुरन्स सहसा नसतो, म्हणून जोडीदाराच्या प्लॅनवर आहात तोपर्यंतच हे परवडतं. ईएडीवर असाल तर संपायची तारीख एचआरला पहिल्याच दिवशी सांगा आणि रिन्यूअलचा अर्ज जितक्या लवकर भरता येतो तितक्या लवकर भरा. ईएडीमध्ये खंड पडला तर काम त्याच दिवशी थांबवावं लागतं.